विश्लेषण : जुना संगणक ‘बूट’ होणे आजही महत्त्वाचे का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’साठीचे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. त्यानंतर चर्चा झाली ती नवा संगणक घ्यावा लागेल का, याचीच. पण याच निर्णयामुळे डॉसच्या काळातील प्रोग्रॅम थेट चालवू शकणारी, सर्वसामान्य ग्राहकांसाठीची शेवटची विंडोजही मागे पडली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या फायली त्यांच्या मूळ प्रोग्रॅममध्ये उघडायच्या, तर आता त्या काळचा संगणक त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टीमसह सुरू व्हायला हवा किंवा त्याची सॉफ्टवेअरमधील नक्कल तरी हवी. हे वाटते तितके सोपे का नाही, आणि मराठी मजकुराचा याच्याशी काय संबंध, याविषयी...

नेमके काय बदलले?

डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजसाठीचे प्रोग्रॅम १६ बिटचे होते. पुढे ३२ बिटची आणि मग ६४ बिटची विंडोज आली. ३२ बिटच्या विंडोजमध्ये जुने १६ बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोय होती. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती कधीच नव्हती. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळत होती. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटची आहे. शिवाय तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे जुना हिशेबाचा किंवा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालत नाही आणि जुन्या संगणकावर नवी विंडोज बसत नाही. ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा-मुदतही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे.

एवढे जुने संगणक अजून कोण वापरते?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या भुयारी मार्गातील रेल्वेगाड्यांचे स्वयंचलित नियंत्रण १९९८मध्ये सुरू झाले. ही यंत्रणा रोज सकाळी सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्कवरून सुरू केली जात असल्याचे तेथील परिवहन संस्थेनेच सांगितले होते. ती बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२४मध्ये हिताची रेल कंपनीशी २१.२ कोटी डॉलरचा करार मंजूर झाला. यंत्रणा तयार करतानाच तिचे आयुष्य २० ते २५ वर्षे धरले होते. ती रोज काम करत होती, म्हणून तिची मुदत संपल्याचे जाणवले नाही.

जपानमध्ये सरकारी कामासाठी फ्लॉपी किंवा तत्सम माध्यम वापरण्याची सक्ती करणारे एक हजारांहून अधिक नियम होते. त्यातील एक वगळता सर्व नियम २०२४च्या मध्यापर्यंत रद्द झाले. अमेरिकी हवाई दलाच्या अण्वस्त्रविषयक संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९पर्यंत होत्या. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर ७ नोव्हेंबर २०१५ रोजी वैमानिकांना हवामानाची माहिती पुरवणारी यंत्रणा बंद पडली आणि विमाने जमिनीवर थांबवावी लागली. ती यंत्रणा विंडोज ३.१वर चालत होती. ही विंडोज १९९२मधली!

या सगळ्या ठिकाणी जुनी यंत्रणा बदलण्यापेक्षा चालू ठेवणे स्वस्त आणि कमी जोखमीचे वाटत होते. ते गणित संगणक सुरू होतो तोवरच बरोबर असते.

बूट होणे म्हणजे नेमके काय?

बटण दाबल्यावर प्रोसेसरला हार्ड डिस्क, फ्लॉपी, विंडोज यांपैकी काहीच माहीत नसते. तो मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमस्वरूपी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम वाचू लागतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून या प्रोग्रॅमला बायोस म्हणतात. बायोस आधी मेमरी, कळफलक, डिस्क यांची तपासणी करतो. मग डिस्कवरचा अगदी पहिला भाग, म्हणजे अवघे ५१२ बाइट, मेमरीत आणतो. हार्ड डिस्कवरील या भागाच्या शेवटी ठरलेली खूण असेल तर बायोस पुढचे काम त्याच्याकडे सोपवतो. हा छोटा भाग ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ फायली शोधतो आणि त्या फायली उरलेली प्रणाली उभी करतात.

ही साखळी आहे. एका कडीने पुढची कडी नेमकी ठरलेल्या जागी असल्याचे गृहीत धरलेले असते. त्यामुळे माहिती शाबूत असूनही, साखळीतला एखादा किरकोळ दुवा तुटला तरी पडदा काळाच राहतो.

जुन्या संगणकात बिघडते काय?

सर्वात आधी दगा देते ती बॅटरी. ३८६ आणि ४८६ काळातील अनेक मदरबोर्डवर छोट्या पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असे. वर्षे गेली की ती गळते आणि तिच्यातील द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खातो. बॅटरी गळली नाही, नुसती संपली, तरी संगणक आपली सेटिंग विसरतो. त्या काळच्या अनेक संगणकांना हार्ड डिस्क आपोआप ओळखता येत नसे. तिचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे हाताने भरावे लागत. ते आकडे पुसले गेले की डिस्क उत्तम असूनही संगणकाच्या दृष्टीने ती नसतेच. म्हणून डिस्कवरील लेबलचा स्पष्ट फोटो काढून ठेवणे अनेकदा महागड्या दुरुस्तीपेक्षा उपयोगी पडते.

दुसरा दोष कपॅसिटरचा. ते सुकतात किंवा फुगतात. १९९९ ते २००७च्या दरम्यान बाजारात आलेल्या अनेक मदरबोर्डमध्ये सदोष कपॅसिटर होते. त्यामुळे वीस वर्षांचा संगणक कधीकधी तीस वर्षांच्या संगणकापेक्षा वाईट अवस्थेत सापडतो.

तिसरा प्रश्न फ्लॉपीचा. त्यावरील चुंबकीय थर दमट हवेत बुरशी धरतो. बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर तिच्यासह ड्राइव्हचे हेडही खराब होऊ शकते. सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री मार्च २०११मध्येच बंद केली. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह मिळतात. सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी मात्र जुना ड्राइव्ह आणि त्याला नव्या संगणकाशी जोडणारे वेगळे सर्किट लागते.

मग जुनी प्रणाली नव्या संगणकावर टाकली तर?

इथे अडचण उलटी असते. नवा संगणक ‘अति’ वेगवान ठरतो. विंडोज ९५ सुरू होताना ठरावीक सूचना पूर्ण व्हायला किती वेळ लागतो, हे मोजते आणि त्या वेळेने भागाकार करते. प्रोसेसर फारच वेगवान असेल तर मोजलेला वेळ शून्य येतो. शून्याने भागता येत नसल्याने प्रणाली तिथेच कोलमडते. एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हा दोष दिसला तेव्हा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. पण सुमारे २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे तोच प्रकार दुसऱ्या ठिकाणी घडतो. विंडोज ९८ला ५१२ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरी दिली तर ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येऊ शकतो!

डिस्कचेही तसेच. जुन्या बायोसला १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यापलीकडे मोजता येत नसे. हा गुणाकार जातो सुमारे ५२.८ कोटी बाइटपर्यंत. त्याहून मोठी डिस्क जोडली तर काही संगणक उरलेला भाग दुर्लक्षित करतात, काही अडकून बसतात. शिवाय आजच्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे. जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय काढून टाकण्याचा इरादा इंटेलने २०१७मध्येच जाहीर केला होता.

मराठीशी याचा संबंध काय?

नव्वदच्या दशकात मराठी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, पाठ्यसाहित्य संगणकावर जुळवले जाऊ लागले. तेव्हा विंडोजमध्ये देवनागरीची स्वतंत्र सोय नव्हती. ती विंडोज २०००पासून आली. तोवरचा मार्ग म्हणजे खास फॉन्ट. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना एका क्रमांकावर, अर्धा ‘क’ दुसऱ्या, रफार तिसऱ्या. हे क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे. मजकूर पडद्यावर मराठी दिसे, पण फायलीत साठवलेला असे तो इंग्रजी चिन्हांचा गोंधळ. मूळ फॉन्ट नसेल तर आजही अशी फाइल उघडल्यावर तो गोंधळच दिसतो.

त्यावर पानमांडणी व्हायची ती पेजमेकरसारख्या प्रोग्रॅममध्ये. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ची. फॉन्टची काही पॅकेजेस संगणकाच्या मागे लावायच्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत. डॉसच्या काळात तर पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ हे कार्ड संगणकाच्या आत बसवून भारतीय लिप्या आणाव्या लागत. त्यामागच्या तंत्रज्ञानाची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली होती. जिस्टमध्ये मजकूर इस्की या प्रमाणित पद्धतीने साठवला जाई, त्यामुळे तो युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे असते. कंपनीगणिक वेगळ्या फॉन्टमधील मजकुराचे तसे नाही. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा तक्ता माहीत असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्यानंतरही जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासावी लागते.

म्हणूनच डिस्कवरील फाइल कॉपी झाली म्हणजे मजकूर वाचला, असे होत नाही. फाइल, फॉन्ट, प्रोग्रॅम, लॉक आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे सगळे एकत्र असलेले ठिकाण बहुधा एकच असते; छापखान्यातला किंवा लेखकाच्या घरातला तो जुना संगणक. तो भंगारात गेला की छापील प्रत पुन्हा टंकलिखित करणे किंवा स्कॅन करणे एवढेच उरते. पुस्तक छापले गेले असेल तर निदान तेवढे तरी होते. छापले न गेलेले हस्तलिखित मात्र कायमचे जाते.

यावर उपाय काय?

जुन्या संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर, हा सर्वात टिकाऊ मार्ग आहे. डॉसबॉक्स, ८६बॉक्स, क्यूईएमयू ही त्यातली प्रचलित आणि मोफत नावे. ८६बॉक्ससारखा एम्युलेटर प्रोसेसरचा मूळ संथ वेगही पाळतो, त्यामुळे विंडोज ९५चा शून्याने भागण्याचा दोष उद्भवत नाही. मूळ डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेतली तर तिच्यात बूटचे ते ५१२ बाइटही येतात, फॉन्टही आणि प्रोग्रॅमही. नुसत्या फायली कॉपी केल्यास हे निसटते.

हा मार्ग किती जुन्या गोष्टींपर्यंत पोचतो, हे २०२५च्या अखेरीस दिसले. युनिक्सच्या १९७३मधील चौथ्या आवृत्तीची टेप अमेरिकेतील युटा विद्यापीठात सापडली. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये तिच्यावरील माहिती वाचली गेली आणि ती प्रणाली पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या नकलेवर सुरूही झाली. मात्र यासाठी आधी टेप कोणीतरी जपलेली असावी लागली.

एम्युलेटरलाही मर्यादा आहेत. हार्डवेअर लॉक किंवा जिस्टसारखे कार्ड यांची नक्कल सहसा तयार मिळत नाही. अशा वेळी मूळ संगणकच दुरुस्त करावा लागतो.

कायदा आणि सुरक्षेचे काय?

भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार संगणक प्रोग्रॅमची वैध प्रत बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. त्या प्रतीचे वाटप करणे ही वेगळी गोष्ट झाली. सुरक्षेचा नियम सरळ आहे : जुनी प्रणाली इंटरनेटला जोडू नये. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसचा फैलाव एवढा झाला की, मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वीच पाठबळ संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. तशी मेहेरबानी दरवेळी होईल, असे नाही.

जुना संगणक हाती असेल तर काय करावे?

‘चालतोय का पाहू’ म्हणून वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक थेट प्लगला लावणे, ही सर्वात धोक्याची कृती. आधी तो उघडून बॅटरी गळली आहे का, कपॅसिटर फुगलेत का, हे पाहावे. गळकी बॅटरी काढून टाकावी. हार्ड डिस्क काढून ॲडॉप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तिच्यावर काहीही न लिहिता संपूर्ण प्रतिमा घ्यावी. या कामासाठी लिनक्स सोयीचे. कारण विंडोज जोडलेल्या डिस्कवर न विचारता नोंदी करू शकते. प्रतिमेच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. त्यानंतरच एम्युलेटर, फॉन्टचे रूपांतर किंवा दुरुस्ती यांच्या मागे लागावे. युनिकोडमध्ये मजकूर आल्यावरही मूळ प्रतिमा पुसू नये. रूपांतरातील चूक पुढे लक्षात आली तर पडताळणीसाठी तीच लागते.

या सगळ्याला फारसा पैसा लागत नाही, पण वेळेची मर्यादा आहे. ज्यांनी ते फॉन्ट आणि प्रोग्रॅम रोज वापरले ते अक्षरजुळणीकार आज निवृत्तीच्या वयात आहेत. कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, हे एखाद्या माणसाच्या आठवणीतच असेल, तर डिस्कच्या आधी त्यांना गाठणे अधिक गरजेचे आहे.