घर पेटण्यापूर्वीच विहीर हवी

ठाण्याची टिकुजिनीवाडी आणि बोरिवलीचे मागाठाणे यांना राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जोडणाऱ्या जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. सव्वादहा किलोमीटरचा हा भुयारी मार्ग आणि ऐरोली-काटई रस्त्यावरील पारसिक डोंगरातला बोगदा यांमुळे ठाणे व कल्याण-डोंबिवलीकरांचे रोजचे हाल कमी होणार आहेत. या कामांचे स्वागतच केले पाहिजे.

दुसरीकडे, परक्या तेलावरील परावलंबन संपविण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ३७ बस व ट्रकच्या चाचणीत पुणे-मुंबई मार्गही आहे. म्हणजेच आज ना उद्या ही वाहने आपल्या बोगद्यांत शिरणार. तेव्हा काय, याचा विचार आजच व्हावयास हवा.

हायड्रोजन हा काही राक्षस नव्हे. हवेपेक्षा चौदापट हलका असल्याने उघड्यावर तो झपाट्याने वर विरून जातो. बोगद्यात मात्र वर छत असते. तेथे साचलेल्या वायूचे हवेतील प्रमाण ४ ते ७५ टक्के असेल, तर क्षुल्लक ठिणगीही पुरते. त्याला वास नसतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. बसच्या टाकीत तो वातावरणाच्या सुमारे साडेतीनशेपट दाबाखाली असतो. बंदिस्त जागेत स्फोट झाल्यास दाबाच्या लाटेला पसरण्यास वाव नसतो. ती बोगद्याच्या लांबीनेच धावते.

२४ मार्च १९९९ रोजी मॉं ब्लां बोगद्यात पीठ आणि मार्गारीन वाहणारा ट्रक पेटला आणि ३९ जीव गेले. बोगद्याच्या एका टोकाला फ्रान्स, दुसऱ्या टोकाला इटली. नियंत्रण कक्ष दोन आणि त्यांच्यात समन्वय नाही. आत सोडलेल्या हवेने आगीलाच बळ दिले. आपल्या बोगद्याचेही एक तोंड ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, तर दुसरे मुंबईच्या. अपघातसमयी आज्ञा कोणाची, हे कागदावर आणि सरावात आधीच ठरले पाहिजे. छतालगत वायुशोधक यंत्रे, अदृश्य ज्योत टिपणारे उष्णतादर्शी कॅमेरे, वायुवीजनाची निश्चित कार्यपद्धती आणि दोन्ही अग्निशमन दलांचे संयुक्त प्रशिक्षण या गोष्टी उद्घाटनापूर्वी पूर्ण व्हाव्यात. तोवर अशा वाहनांना बोगद्यात प्रवेश देऊ नये.

डोंबिवलीकरांनी २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन भीषण स्फोट सोसले आहेत. प्रत्येक वेळी चौकशीची घोषणा झाली. मात्र पहिल्या स्फोटानंतरची आठ वर्षे दुसरा टाळू शकली नाहीत. स्वदेशी इंधन हा राष्ट्राच्या स्वाभिमानाचा विषय आहे, तसाच सामान्य प्रवाशाचा प्राण हाही आहे. शिस्तीवाचून स्वावलंबन टिकत नाही. घर पेटल्यावर विहीर खणण्याची सवय आता तरी राज्यकर्त्यांनी आणि प्रशासनाने सोडावी.