वन्संना विचारावं का लागतं?

आमच्या वन्सं इंग्रजीच्या शिक्षिका, 58 व्या वर्षी निवृत्त झाल्या. 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा चिमुकल्यांनाही त्यांनीच शिकवलं. आता सगळे म्हणतात, "घराला किती वाहून घेतलंय!" मला हे कौतुक खटकतं.

त्यांची संध्याकाळ बघा. सूर्यास्ताआधी सासूबाईंचं नि स्वतःचं जेवण, मग नातवाचा अभ्यास, पुन्हा रात्री नऊला मुला-सुनेला गरम पोळ्या. मी कॉमर्सची, हिशेब सुटत नाही. नातवाची फीसुद्धा यांच्याच पेन्शनमधून जाते. चातुर्मासात मंदिरात बायकांना बँकेचे इंग्रजी फॉर्म भरायला शिकवा म्हटलं, तर म्हणाल्या, "वहिनी, घरी विचारून सांगते." विचारून! अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई ही.

सूनही दमून येते, तिला दोष नाही. पण मुलाला पोळी गरम करता येत नाही? तो रात्री जेवतो, ते एक वेळ सोडा. दशलक्षणातला उत्तम त्याग आपण मनाने करायचा असतो, घरच्यांनी तो गृहीत धरायचा नसतो.

रविवारी मी वन्संना पुन्हा विचारणार आहे. भाच्याच्या समोर.