कोलकाता ते आगरतळा : अंतर किती, वेळ किती?

भारताचा नकाशा पुढे घेऊन कोलकाता व आगरतळा यांवर पट्टी ठेवली, तर ही शहरे परस्परांपासून फार दूर आहेत असे वाटत नाही. एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतची सरळ रेषा सुमारे ३१७ किलोमीटर भरते. परंतु हाच प्रवास आगगाडीने करावयाचा झाल्यास १,५०० किलोमीटरांहून अधिक मार्ग कापावा लागतो आणि साधारण दीड दिवस गाडीत काढावा लागतो. एवढी तफावत का पडावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात साहजिकच उभा राहील.

त्याचे उत्तर १९४७ च्या फाळणीत आहे. पूर्व बंगाल वेगळा झाला आणि दोन शहरांमधील सरळ वाट परदेशातून जाऊ लागली. म्हणून गाडी प्रथम उत्तरेस न्यू जलपाईगुडी गाठते, सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातून पूर्वेस वळते, आणि गुवाहाटी, लुमडिंग, बदरपूर करीत दक्षिणेस उतरते. आगरतळ्यास रेल्वे आली तीच मुळी २००८ साली, आणि रुंदमापी मार्ग झाला २०१६ साली. तोवर महाराजा वीर विक्रम किशोर माणिक्य यांनी १९४२ साली बांधविलेला विमानतळ हाच त्रिपुरावासीयांचा मोठा आधार होता. २०१८ पासून त्यास महाराजांचेच नाव आहे.

विमान बांगलादेशावरून थेट जाते. पण येथेही साधा त्रैराशिकाचा हिशेब चालत नाही. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ३१७ किलोमीटरांस चोवीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रक मात्र तासाभराच्या आसपास वेळ सांगते. ही वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतची असते, हे ध्यानी घ्यावयास हवे. धावपट्टीपर्यंत सरकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, वर चढणे आणि उतरण्यासाठी वळसा घेणे, हे सारे तीत येते. एवढ्या लहान पल्ल्यात विमानास पूर्ण वेगाने जाण्यास अवधी थोडाच मिळतो.

आणखी एक गोष्ट आहे. आकाश मोकळे दिसले तरी त्यासही सीमा असतात. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची सत्ता आपल्या भूमीवरील आकाशावरही चालते. १९७१ च्या फेब्रुवारीत भारताने आपले आकाश पाकिस्तानी विमानांस बंद केले, तेव्हा कराचीहून ढाक्यास जाणाऱ्या विमानांना श्रीलंकेवरून वळसा घ्यावा लागला व मार्ग जवळजवळ दुप्पट झाला. दोन्ही विमानतळ होते तेथेच होते. वाढला तो मार्ग. म्हणजेच विमानाची सरळ वाट शेजाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते.

तेव्हा रुग्णास उपचारासाठी अथवा मुलास परीक्षेसाठी न्यावयाचे असेल, तर केवळ नकाशावरील अंतरावर विसंबू नये. घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणीसाठी आधी पोहोचण्याचा अवधी, सामान हाती येण्यास लागणारा वेळ, हे सारे मिळवावे. तासाभराचे उड्डाण मग चार-पाच तासांचा प्रवास ठरते. तरीही दीड दिवसाच्या तुलनेत तो थोडाच. आणि घरात आजारी माणूस असता या फरकाचे मोल किती, हे त्रिपुरातील कुटुंबांस सांगावे लागत नाही.