कवंदीला घाई कशाची?

“महिनाभर खपून गोधडी शिवण्यापेक्षा दहा मिनिटांत ब्लँकेट विकत घ्यावे,” असा हिशेब मांडणाऱ्या अर्थपंडितांनी एकदा उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळकडे, सिद्दी स्त्रियांची कवंदी पाहावी. जुन्या लुगड्यावर कडेपासून एकेक ठिगळ दुमडून लावीत, धावदोरा घालीत ती मध्याकडे सरकते. आखणी आधी नसते, नक्षी हाताबरोबर सुचत जाते. चारी कोपऱ्यांवर घडीची फुले बसल्यावाचून मात्र ती पुरी होत नाही. त्या फुलांनी थंडी कमी होत नाही, हे शिवणारीस ठाऊक नाही काय? श्रम वाचवा म्हणता; पण ज्या श्रमातच सुख आहे तो वाचवून तिला देणार काय? आमची कारकुनी? येथे दिवसभर फायली उपसूनही असले एखादे फूल कोणाच्या हातून उमटल्याचे आम्ही पाहिलेले नाही.