उजवीकडचे आसन

तुमसर, भंडारा, पवनी या गावांतील व्यापारी घरांत मुलाच्या भवितव्याचा विषय निघाला की चार्टर्ड अकाउंटंट, वैद्यक, अभियांत्रिकी आणि यांपैकी काहीच न जमल्यास दुकान, अशी क्रमवारी ठरलेली असे. अलीकडे तीत वैमानिक हा शब्दही ऐकू येऊ लागला आहे. त्याचे कारण फार दूरचे नाही. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०च्या सुमारास बांधली. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर बिरसी भंडारा जिल्ह्यातच होते. प्रफुल्ल पटेल यांच्याकडे केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते असताना या धावपट्टीचा कायापालट झाला आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणारी डायमंड जातीची छोटी विमाने पाहत एक पिढी मोठी झाली आहे.

या विद्येची जोखीमही याच मुलखाने पाहिली. २०१७ साली बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवर ताणलेल्या तारेला लागून कोसळले. २०२३ साली दुसरे बालाघाटच्या डोंगरात पडले. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दगावले. तरीही मुले जातात, आणि त्यात गैर काही नाही.

पालक बहुधा प्रशिक्षणाच्या शुल्काची चौकशी अगदी पैशापैशाने करतात. परवाना हाती आल्यानंतर काय, हा प्रश्न मात्र राहून जातो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून. मोठ्या विमान कंपनीच्या दृष्टीने हा २०० तासांचा तरुण नुकताच पोहायला शिकलेला असतो. तिची भरती भरती-ओहोटीसारखीच येते आणि जाते. इकडे साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागलेले असते, म्हणजे बहुधा घर किंवा दुकान बँकेकडे असते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर साधारणतः वर्षभरात हप्ते सुरू होतात. ते वर्ष सरत आले असताना एखाद्या चार्टर कंपनीचा निरोप येतो: छोटे खासगी जेट, उजवीकडचे आसन, पगार बेताचा. जावे की थांबावे?

व्यापाऱ्याच्या घराला या प्रश्नाचा पूर्वार्ध नवा नाही. पूर्वी जाणता बाप मुलाला थेट स्वतःच्या गादीवर बसवत नसे. दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला धाडत असे. तेथे तो गाठोडी मोजी, तगादे करी, रोजमेळ लिही आणि शेठजी गिऱ्हाइकाला नाही कसे म्हणतात ते ऐकत राही. छोट्या जेटमधील सहवैमानिकाची उमेदवारी याच जातीची आहे. मोठ्या कंपनीत विमानात बसण्यापूर्वीची बहुतेक कामे वेगवेगळे विभाग करून ठेवतात. येथे तो विभाग म्हणजे पुष्कळदा सहवैमानिक स्वतःच. हवामानाचे अहवाल वाचायचे, उड्डाण योजना दाखल करायची, हवाई संरक्षण विभागाचा एडीसी क्रमांक आणि एफआयसी क्रमांक मिळवायचे, इंधन किती घ्यायचे ते काढायचे, माणसे आणि सामान धरून वजनाचा समतोल मांडायचा, इंजिनांवरची आच्छादने काढून विमानाभोवती फेरी मारायची. मग बॅगा ठेवायच्या, दार लावायचे, प्रवाशांना पट्टे बांधायला सांगायचे आणि त्यानंतर उजवीकडे बसून रेडिओ हाती घ्यायचा. आज मोठा विमानतळ, उद्या एखाद्या जिल्ह्याची आखूड धावपट्टी, जेथे उतरण्यासाठी यंत्रांचे साहाय्य बेताचेच. एवढे सगळे एका माणसाला शिकवणारी दुसरी शाळा सहसा सापडत नाही.

या वाटेने पुढे गेलेल्यांत एक नाव ठळक आहे. प्रेम माथुर यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळवला, तेव्हा स्त्री म्हणून त्यांना कंपन्यांमागून कंपन्यांनी नाकारले. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले, पण सहवैमानिक म्हणूनच. पुढे १९४९ साली त्या घनश्यामदास बिर्ला यांच्या खासगी विमानाच्या वैमानिक झाल्या, आणि १९५३ साली, विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याच वर्षी, इंडियन एअरलाइन्समध्ये रुजू झाल्या. बिर्लांचे ते विमान जेट नव्हते, पण खासगी नोकरीतून मोठ्या कंपनीत जाण्याचा मार्ग तेव्हाही होता.

मात्र पेढी कोणती, हे पाहिल्याशिवाय उमेदवारीला होकार देऊ नये. पहिला प्रश्न तासांचा. पुढच्या पायरीच्या, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्याच्या वाटेवर १५०० तास उभे असतात. हाती २०० असतील तर बाकी १३००. समजा, कंपनीचे जेट महिन्याला २५ तास उडते. मग लागतील ५२ महिने, म्हणजे चार वर्षे चार महिने. महिन्याला ६० तास मिळाले तर दोन वर्षांच्या आत काम होते. विमान मालकाच्या सोयीने उडते, सहवैमानिकाच्या हिशेबाने नव्हे; म्हणून गेल्या वर्षी ते प्रत्यक्षात किती उडाले, हा आकडा विचारावा. आश्वासन ऐकून घ्यावे आणि आकडा लिहून घ्यावा.

याहून सूक्ष्म एक कलम आहे आणि ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लिअरजेट ४५ सारखे विमान मुळातच दोन वैमानिकांसाठी प्रमाणित आहे. सेसना सायटेशन सीजे मालिकेतील विमाने किंवा एम्ब्रेअर फेनॉम १०० मात्र एकट्या वैमानिकासाठीही प्रमाणित आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ नुसार, एका वैमानिकासाठी प्रमाणित असलेल्या विमानात एखाद्या देशाने सहवैमानिक सक्तीचा केला, तर त्या सहवैमानिकाचे जास्तीत जास्त निम्मेच तास वरच्या परवान्यासाठी धरता येतात. म्हणजे वरच्या उदाहरणातील २५ तासांचे साडेबारा झाले आणि ५२ महिन्यांचे १०४. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्या विशिष्ट विमानावरचे तास कसे मोजील, याचे उत्तर नोकरी घेण्यापूर्वी लेखी हवे. बॅलन्सशीटच्या टिपा वाचणाऱ्या घराने निदान एवढी टीप वाचावी.

तासांची नोंद लॉगबुकात होते. कोरे तास कागदावर चढवण्याच्या प्रकाराला वैमानिकांच्या बोलीत पार्कर पेनाचे तास म्हणतात, यावरून तो प्रकार किती जुना असेल ते कळावे. २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवणारे वैमानिक सापडले, काहींना अटकही झाली. चार तास जास्त लिही, असे जो वरिष्ठ सुचवतो, त्याची नोकरी त्याच दिवशी सोडावी; घरचे हप्ते थकले तरी चालतील.

दुसरा प्रश्न कराराचा. प्रत्येक जातीच्या जेटसाठी वेगळे टाइप रेटिंग लागते. ते कंपनी करून देते आणि बदल्यात काही वर्षांचे बंधपत्र घेते, किंवा खर्च उमेदवारावर टाकते. छोट्या जेटचे रेटिंग पुढे एअरबसवर उपयोगी पडत नाही. तेथे नव्याने पैसे मोजावे लागतात. यास्तव बंधपत्राची मुदत आणि कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावे.

तिसरा प्रश्न डावीकडच्या आसनाचा, आणि तोच सर्वांत मोठा. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो जेटांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. त्यांपैकी एका विमानातील फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान धावपट्टीवरून बाहेर गेले नसेल काय, अशी शंका बोलून दाखवली होती. अनुभवी कॅप्टनने ती बाजूला सारली. कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे, याचे रीतसर प्रशिक्षण जगभर त्यानंतर रुजले. खासगी विमानात कॅप्टनखेरीज आणखी एक वरिष्ठ मागे बसलेला असतो: मालक किंवा भाडेकरू. त्याला लग्नाला पोहोचायचे असते, सभेला जायचे असते, सौदा करायचा असतो. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे सभेसाठी कानपूरकडे निघाले होते. त्यांचे छोटे बीचक्राफ्ट विमान खराब हवामानात मैनपुरी जिल्ह्यात कोसळले आणि आठही जण गेले. त्यांत सहवैमानिकही होत्या.

तेव्हा मुलाखतीला जाणाऱ्या मुलाने पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारावे, की गेल्या वर्षात हवामानामुळे किती उड्डाणे रद्द केली आणि ती रद्द करण्याचा शब्द कुणाचा होता. रद्द उड्डाण एकही नसेल, तर ते कंपनीचे भूषण समजू नये. शक्य असल्यास आधीच्या सहवैमानिकाशीही बोलावे. मुलीचे स्थळ पाहताना चार घरी चौकशी होते. ज्याच्या शेजारी बसून मुलगा ढगांत शिरणार आहे, त्या कॅप्टनची एखाद्या घरी तरी व्हावी.

आजी विचारते तो प्रश्न वेगळा असतो: जेवणाचे काय? त्याची सोय येथे मोठ्या कंपनीपेक्षा सोपी असू शकते, कारण प्रवाशांच्या खाण्याची मागणी पुष्कळदा सहवैमानिकच नोंदवतो. त्यात कांदा-लसणाविना एक डबा स्वतःसाठी मागवता येतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मात्र दररोज पाळता येईल असे नाही. परतीचे उड्डाण कधी होईल हे मागे बसलेल्याच्या कामावर ठरते, आणि ही गोष्ट घरात आधीच बोलून घेतलेली बरी.