टिकावाच्या जागीं जेसीबी

ताल घालावयाची असो, विहिरीची माती उपसावयाची असो, कीं पडकें घर पाडावयाचें असो, खेड्यांतला माणूस आज एकच बोलतो, 'जेसीबी बोलवा.' यंत्र दुसऱ्याच कारखान्याचें असलें तरी त्यास तो जेसीबीच म्हणतो. हीं एका इंग्रज कारागिराच्या नांवाचीं आद्याक्षरें आहेत हें मात्र थोड्यांसच ठाऊक! म्हणून त्याची हकीकत आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें मांडतों.

जोसेफ सिरिल बॅमफर्ड याचें घराणें स्टॅफर्डशायर परगण्यांत शेतीचीं अवजारें करणारें. तो कांहीं उपाशी घरांतला नव्हता. खोटी करुणकथा रचण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु घरच्या गादीवर न बसतां त्यानें 1945 सालीं युटॉक्सिटर या बाजारगांवीं बारा फूट बाय पंधरा फुटांची एक कोठडी भाड्यानें घेतली. एका पौंडास वेल्डिंगचें जुनें यंत्र मिळविलें, आणि लढाईंतून उरलेल्या लोखंडाची शेतकऱ्यासाठीं एक कलती गाडी जोडली. ती बाजारांत 45 पौंडांस विकली व वर गिऱ्हाइकाची मोडकी गाडी घेतली. ती दुरुस्त करून तीही 45 पौंडांसच खपविली! असा हिशेब आमच्या लोहार-सुतारांस जमत नाहीं असें कोण म्हणेल?

पुढें तेलाच्या दाबानें उलटणारी गाडी झाली. 1950 सालीं रोस्टर गांवच्या जुन्या चीज-कारखान्यांत त्यानें बस्तान हलविलें. 1953 सालीं तर ट्रॅक्टरलाच पुढें माती भरणारें सूप व मागें खोदणारा हात जोडला. पंपानें नळींत तेल रेटावें, तेलानें दांडा ढकलावा, दांड्यानें हात हलवावा, एवढीच युक्ति. 1964 सालीं त्यानें कामगारांस अडीच लाख पौंड बोनस वांटला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

हिंदुस्थानांत 1979 सालीं दिल्लीजवळ बल्लभगड येथें हीं यंत्रें होऊं लागलीं, आणि 2006 पासून आपल्या पुणें जिल्ह्यांतही.

आतां आमच्या घरची गोष्ट. 1972 च्या दुष्काळांत लाखों बायाबापड्यांनीं घमेल्याघमेल्यानें माती वाहून तलाव व रस्ते बांधले. वडार-बेलदारांच्या कित्येक पिढ्या टिकाव-पहारीवर जगल्या. त्यांच्या पाठीवरचें ओझें उतरलें, याचा आम्हांस आनंदच आहे. उन्हांत खडी फोडणें ही कांहीं शोभेची गोष्ट नव्हे. पण ओझ्याबरोबर त्यांची भाकरीही उतरली त्याचें काय? यंत्राचा मालक सावकार किंवा ठेकेदार, तासाचें भाडें त्याचें; आणि माती, मुरूम, खडक नुसता पाहून ओळखणारा वडार मात्र काठावर उभा!

आमची मागणी सरळ आहे. मजूर सहकारी सोसायट्यांस यंत्राकरितां कर्ज प्रथम द्यावें; मात्र ज्या सोसायट्या मजुराच्या नांवानें ठेकेदाराच्या खिशासाठीं चालतात त्यांस नव्हे. कर्ज देण्यापूर्वीं सभासदांचे हात तपासावे, घट्टे कोणाच्या हातांस आहेत तें पाहावें. यंत्र चालविण्याचें व दुरुस्तीचें शिक्षण या घरांतील पोरांस, आणि पोरींसही, तालुक्याच्या गांवींच मिळावें. पुढच्या ग्रामसभेंत आमच्या वाचकांनीं हा ठराव लेखी मांडावा, आणि त्याची नक्कल आमच्याकडे धाडावी. आम्ही ती छापूं.