महामार्गावर शिरणारा आपला ट्रॅक्टर



ऊसविकास अधिकाऱ्याने बेण्यावर, खोडव्यावर लिहावे, रस्त्यावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण ऊस फडातून निघाला की गव्हाणीत पडेपर्यंत रस्त्यावरच असतो. गेल्या हंगामात एका फाट्यावर, दिवेलागणीला, आपली भरलेली ट्रॉली महामार्गावर चढत होती. मागून मोटरसायकलवर आलेला पोरगा तिच्यावर आदळला. जीव वाचला, पाय गेला. चूक कोणाची, यावर लोक दोन तास भांडले. ट्रॅक्टरला शिरायला जागा किती लागते, हे कोणीच विचारले नाही.

ताशी ८० कि. मी. वेगाची मोटार सेकंदाला २२ मीटर पुढे येते. दोन भरल्या ट्रॉल्या उभ्या जागेवरून हलून पूर्ण रस्त्यावर यायला १२ सेकंद धरा. तेवढ्यात मोटार २६० मीटरच्या वर आली! अंधारात हे अंतर कोणाला समजते?

गाड्या पट्टा कसा बदलतात, बाजूच्या रस्त्याने कशा शिरतात, हे आता संगणकावर आधी चालवून पाहतात. जर्मनीत नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी १९९२ साली रस्त्याचे साडेसात-साडेसात मीटरचे चौकोन पाडले. दर सेकंदाला गाडी पुढची मोकळी जागा बघून सरकते, आणि मधूनच एखादी उगीच मंदावते. मी घरी चौकटीच्या कागदावर तुरीचे दाणे मांडून हे केले. एक दाणा रेंगाळला की पार मागचे दाणे थांबतात. मात्र सेकंदाला एक चौकोन म्हणजे ताशी २७ कि. मी.; आपला भरला ट्रॅक्टर तेवढाही पळत नाही. मला चौकोन बारीक करावे लागले. बाहेरचा हिशेब जसाच्या तसा इथे चालत नाही तो असा.

२००७ साली केस्टिंग, ट्रायबर व हेल्बिंग यांनी पट्टा बदलण्याचा नियम मांडला. माझा फायदा किती, आणि मागच्याला ब्रेक किती जोरात दाबावा लागेल, हे दोन्ही त्यात येते. मुलाहिज्याचा चक्क एक आकडा आहे. तो शून्य ठेवला तर ड्रायव्हर फक्त आपलेच पाहतो. खेपेवर पैसे मिळणाऱ्या आमच्या गड्यांचा आकडा हंगामात शून्याच्याही खाली जातो, पण दोष एकट्या त्यांचा नाही. खेपा वाढवा म्हणणारे आपणच.

महागाव-उमरखेडचा रस्ता चौपदरी झाला. मधला दुभाजक वळसा घालायला लावतो, म्हणून ट्रॅक्टर सर्रास उलट्या बाजूने येतात. हे मला बिलकुल मान्य नाही. कारखान्याने एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आपले फाटे संगणकावर मांडायला सांगावे. त्यात ट्रॅक्टर, टायरगाड्या आणि उलटे येणारेही धरावेत. खर्चाचे म्हणाल तर एका अपघाताचा खर्च काढून बघा. तोवर मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला स्लिप देऊ नये, आणि संध्याकाळी फाट्यावर बॅटरीवाला माणूस उभा करावा.

मोजणीशिवाय यातले काही होणार नाही. दसऱ्याआधी तीन संध्याकाळी मी स्वतः फाट्यावर वही घेऊन बसणार आहे. बरोबर यायचे असेल त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे.